डेंजरस डेव्हची स्क्रीन पुढे जाते कशी? सातवीच्या पोट्ट्यांना गेम बनवायचा आहे

कोरडवाहू (दिग्रस तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. शाळेत थोडे जुने कॉम्प्युटर आहेत. नेट भरवशाचं नाही, म्हणून स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर) ऑफलाइन टाकून घेतलं आहे. दिवाळीनंतर पोट्ट्यांना डॉसबॉक्सवर (जुने डॉसचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) डेंजरस डेव्ह हा जुना गेम दाखवला. सोळा रंगांचा, मोबाइलवरच्या गेमपुढे अगदी साधा दिसणारा खेळ, पण मधल्या सुट्टीत कोणी बाहेर जाईना. दोन दिवसांनी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हा आपल्याले बनवता येईन."

आता गोष्ट पोरांनीच ठरवली आहे. गेममधला पोट्टा रात्री जागलीला निघतो. गावाबाहेरच्या पांदणीने चालत, नाला ओलांडून, धुऱ्याधुऱ्याने वावरातल्या मचाणापर्यंत जायचं. वाटेत रानडुकरं आहेत, रोही आहेत. डेव्हच्या हातात बंदूक असते, आमच्याकडे गोफण. डेव्हमध्ये सोन्याचा कप उचलल्याशिवाय दार उघडत नाही. आमच्यात आजोबांची शिदोरी उचलल्याशिवाय वावराचं कवाड उघडत नाही. ही शेवटची कल्पना पोरांची आहे, आणि मला ती फार आवडली. अंधारात दूर वावरात बसलेल्या आजोबांची भूक हेच या गेमचं कारण झालं.

अडचण स्क्रीनची आहे. पांदण लांब आहे, एका स्क्रीनवर मावत नाही. पोरांनी प्रत्येक झाड, दगड, धुरा वेगळा स्प्राइट (स्क्रॅचमधलं सुटं हलणारं चित्र) करून सगळे एकदम डावीकडे सरकवायला घेतले. दहा-बारा वस्तूंपर्यंत ठीक चाललं. पुढे कॉम्प्युटर हळू झाला, आणि डावीकडे गेलेली झाडं पडद्याच्या काठाशी अर्धवट अडकून बसायला लागली.

मग मी डेव्ह पुन्हा नीट पाहिला. त्याची स्क्रीन सरकत राहत नाही. तो काठाशी पोचला की सगळं चित्र एकदम पुढे जातं. त्यानंतरचा कमांडर कीन हा गेम पाहिला, तर तिथे जमीन सलग, गुळगुळीत सरकते. दोन्ही १९९० मध्ये पीसीवर आले. मग एवढा फरक कशाने? आणि आमच्या पोरांनी यातलं कोणतं धरावं?

तयार कोड नको. पोरांना समजावून सांगता येईल असं उत्तर हवं.

संत्राबाग (वरूड)

सर, डेव्हचं नाव वाचलं अन् रायवलं नाई. आमच्या इथं जिनिंगच्या बाजूले एक कॉम्प्युटर क्लास होता. टायपिंग झालं की सर शेवटी थोडा वेळ खेयू देत. एका कीबोर्डवर दोन जनं बसो. मी बाणाच्या बटना दाबो अन् माह्या दोस्त कंट्रोल दाबून गोया झाडे. त्याची गोयी चुकली की जीव माह्या जाये, अन् भांडन घरापर्यंत चाले.

तुमच्या पोट्ट्यायले एक सांगा. पयल्या दोन लेव्हलीत एकबी जनावर नाई. नुसतं चढनं-उतरनं, कप उचलनं अन् दारातून जानं. तिसरीत पयल्यांदा कोयी येते. तवरोक आपला हात बसलेला असते. तुमच्या गेममंदी पयल्याच स्क्रीनवर डुक्कर ठेवू नका. आधी पोरगं पांदनीनं चाललं पायजे, नाल्यावरून उडी मारता आली पायजे, मंग डुक्कर. आनखी एक, डेव्हची गोयी एका वक्ताले एकच असते. ते उडून गेल्याबिगर दुसरी सुटत नाई. गोफनीचंबी तसंच हाय, दगड गेला की नवा भरा लागते. हे जसंच्या तसं ठेवा.

पऱ्हाटी (कारंजा लाड)

सर, पोरांना डेव्हचंच करू द्या. मशीन जुनी आहे म्हणून मी हे सांगत नाही. डेव्हचा नकाशा सातवीचं पोरगं आलेख वहीत हाताने काढू शकतं, म्हणून सांगतो.

माझं इथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि या गेमच्या फाइली उघडून आत काय आहे ते पाहायचा नाद मला फार जुना. जॉन रोमेरोने हा गेम आधी अॅपल टू कॉम्प्युटरसाठी लिहिला, १९८८ मध्ये. तो दुकानात डब्यात विकायला नव्हता. अपटाइम नावाचं एक मासिक फ्लॉपीवर निघायचं, त्यातून तो वाचकांच्या घरी गेला. पुढे रोमेरो सॉफ्टडिस्क कंपनीत असताना १९९० मध्ये त्याची डॉसवरची आवृत्ती आली. आपण सगळे खेळलो ती ही.

डॉसच्या आवृत्तीत प्रत्येक लेव्हल म्हणजे चौकटींचा एक तक्ता आहे. आडव्या १०० चौकटी, उभ्या १०. एक चौकट १६ बाय १६ पिक्सेलची. स्क्रीन ३२० बाय २०० ची, म्हणजे एका वेळी आडव्या २० चौकटी दिसतात. या दिसणाऱ्या भागाला आपण खिडकी म्हणू. उभ्या १० चौकटींना १६० पिक्सेल लागतात. उरलेल्या ४० मध्ये स्कोअर, जीव आणि हातात काय आहे ते. प्रत्येक चौकटीसाठी फाइलीत एकच बाइट, म्हणजे एक आकडा. शून्य म्हणजे रिकामी जागा. बाकी आकड्यांना भिंत, आग, पाणी, हिरा, कप, दार. अशा १००० बाइटमध्ये लेव्हलचा सगळा भूगोल संपतो. त्याआधी २५६ बाइट जनावरांच्या रस्त्याचे असतात, शेवटी २४ नुसते जागा भरायला. एकूण १२८०. दहा लेव्हल मिळून १२,८०० बाइट. ज्या खेळावर आपण सुट्ट्या घालवल्या त्याची सगळी जमीन एवढीशी आहे, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दुकान बंद करून उशिरापर्यंत तो तक्ता कागदावर उतरवत बसलो होतो.

आता तुमचा प्रश्न. डेव्ह खिडकीच्या डाव्या काठापासून मोजून १८ चौकटी पुढे गेला की खिडकी १५ चौकटी पुढे जाते. मागे फिरला आणि काठाशी एक चौकटही उरली नाही, की खिडकी १५ मागे. हे १५ आणि १८ फार विचाराने घेतलेले आकडे आहेत. खिडकी २० ची आणि उडी १५ ची, म्हणून आधीच्या चित्रातल्या पाच चौकटी नव्या चित्रातही डाव्या बाजूला दिसतात. आपण कुठून आलो हे खेळणाऱ्याला कळतं, तो गोंधळत नाही. आणि चित्र बदलल्यावर डेव्ह तिसऱ्या चौकटीशी उभा असतो. तिथून परत मागचं चित्र यायला त्याला पार काठापर्यंत यावं लागतं, म्हणून सीमेवर उभं राहून चित्र सारखं पुढे-मागे होत नाही. पोरांना हे फळ्यावर काढून दाखवा. एकाला डेव्ह करा, फरशीवर खडूने चौकटी आखा आणि चालवा.

स्क्रॅचमध्ये हेच असं बसतं. स्टेज ४८० बाय ३६० चा आहे. चौकट २४ ची धरली की आडव्या बरोबर २० बसतात, उभ्या १० ला २४० लागतात, आणि वर-खाली मिळून १२० उरतात. तिथे शिदोरी आणि जीव दाखवा. प्रत्येक झाडाला वेगळा स्प्राइट नको. एकच स्प्राइट ठेवा, त्याला माती, धुरा, पऱ्हाटी, पाणी, कवाड असे पोशाख द्या. एक लिस्ट करा, नाव 'नकाशा'. तिच्यात १००० आकडे, ओळीमागून ओळ. ओळ आणि स्तंभ शून्यापासून मोजले, तर चौकटीचा क्रमांक म्हणजे ओळ गुणिले १००, अधिक स्तंभ, अधिक १. सातवीला हे गणित जमतं, आणि यानिमित्ताने ते पाठच होतं.

खिडकी कुठून सुरू होते ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. चित्र काढायचं म्हणजे त्या स्प्राइटने २०० ठिकाणी जाऊन, आकड्याप्रमाणे पोशाख घालून शिक्का मारायचा. पेनच्या ब्लॉकमध्ये शिक्क्याचा ब्लॉक आहे. खिडकीतला स्तंभ गुणिले २४, वजा २२८ हे आडवं स्थान. उभं स्थान १०८ वजा ओळ गुणिले २४. हे सगळं एका स्वतःच्या ब्लॉकमध्ये घाला आणि तो बनवताना 'स्क्रीन रिफ्रेश न करता चालवा' या अर्थाचा चौकोन टिक करा. मग २०० शिक्के डोळ्यांदेखत एकेक पडत नाहीत, चित्र एकदम येतं. खिडकी ७५ च्या पुढे जाऊ देऊ नका, म्हणजे नकाशाचे पहिले ९५ स्तंभच दिसतील. उरलेले पाच मातीने भरून टाका.

तुमची झाडं काठाशी अडकतात, कारण स्क्रॅच स्प्राइटला स्टेजच्या पूर्ण बाहेर जाऊच देत नाही, थोडा भाग आत ठेवतो. शिक्क्याने काढलं तर हा प्रश्न येतच नाही, काढायचं तेवढंच काढलं जातं.

टक्कर पण नकाशावरूनच तपासा. "हा रंग लागला का" असं विचारू नका. पोट्ट्याच्या पायाखालच्या चौकटीचा आकडा लिस्टमधून काढा. माती असेल तर उभा राहील, शून्य असेल तर पडेल, पाणी असेल तर जीव गेला. कॉम्प्युटर कितीही हळू असला तरी उत्तर चुकत नाही.

आणि जनावरं. डेव्हमधलं कोणतंही जनावर विचार करत नाही. त्या २५६ बाइटमध्ये आकड्यांच्या जोड्या आहेत: आडवं किती जायचं, उभं किती जायचं. जोड्या संपल्या की पुन्हा पहिलीपासून. तुमच्या पोरांना डुकराचा रस्ता माहीत आहे. कोणत्या धुऱ्यावरून येतं, कुठे थांबतं, कुठून परततं हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे. तेच आकड्यांत लिहायला सांगा. गोळी एकच, हे संत्राबाग भाऊंचं म्हणणं अगदी खरं आहे, ते सोडू नका.

पूर्णाकाठ (दर्यापूर)

पऱ्हाटी भाऊंनी 'कसं' छान सांगितलं. सरांनी 'कशाने' हेही विचारलं आहे, म्हणून लिहिते. मी कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवते, आणि हा प्रसंग दरवर्षी वर्गात सांगते.

टीव्हीला लावून मारिओ खेळायचो त्या यंत्रात चित्र सरकवायची सोय हार्डवेअरमध्येच होती. पीसी कचेरीच्या कामासाठी घडलेला. ईजीए कार्डावर (पीसीचं पडद्यावर चित्र दाखवणारं कार्ड) ३२० बाय २००, सोळा रंग, म्हणजे एका पूर्ण चित्राचे ३२,००० बाइट. चित्र एकेक पिक्सेल सरकताना दर वेळी ते सगळं नव्याने काढायचं म्हटलं तर त्या काळच्या प्रोसेसरला झेपत नसे. म्हणून डेव्ह एका जागी चित्र थांबवतो आणि काठाशीच बदलतो. ज्या यंत्रावर तो चालायचा होता, तिथे ही निवड योग्यच होती.

मग सप्टेंबर १९९०. अमेरिकेत लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्टला सॉफ्टडिस्कचं ऑफिस. तिथल्या जॉन कारमॅकने एक युक्ती शोधली. ईजीएकडे दिसणाऱ्या चित्रापेक्षा जास्त मेमरी असते, आणि चित्र त्या मेमरीत नेमकं कुठून दाखवायचं हे कार्डाला सांगता येतं. म्हणजे आधी खिडकीच थोडी सरकवायची, त्यात काहीच काढावं लागत नाही. पूर्ण एक चौकट सरकली की मगच काढायचं, आणि तेव्हाही आधी जिथे जे होतं त्याहून वेगळी झालेली चौकटच तेवढी. आभाळाच्या जागी आभाळच आलं तर हात लावायचा नाही. आपल्याकडे अंगणाचे पोपडे निघाले की सगळं अंगण न सारवता तेवढ्याच जागी हात फिरवतात, तसं. याला अॅडॅप्टिव्ह टाइल रिफ्रेश म्हणतात.

कारमॅक आणि टॉम हॉल यांनी एका रात्रीत सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची पहिली लेव्हल पीसीवर उभी केली आणि मारिओच्या जागी घातला डेव्हला. २० सप्टेंबरला सकाळी रोमेरोला टेबलावर ती फ्लॉपी मिळाली. त्यांनी मग मारिओचा नमुना मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीला दाखवला. पीसीवर यायची निन्टेन्डोची इच्छा नव्हती. तोच नमुना २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या स्ट्रॉंग संग्रहालयात पोचला. युक्ती मात्र वाया गेली नाही. १४ डिसेंबर १९९० ला त्याच युक्तीवर कमांडर कीन आला, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये या मंडळींनी आयडी सॉफ्टवेअर सुरू केलं. पुढचा गाजलेला गेम डूम त्यांचाच. सॉफ्टडिस्कसाठी त्यांनी १९९१ मध्ये डेव्हचा पुढचा भाग, झपाटलेल्या वाड्याचा, केला. त्यात डेव्हची स्क्रीन सलग सरकते.

माझं मत पऱ्हाटी भाऊंपेक्षा थोडं वेगळं आहे. आधी चौकटींचा गेम पूर्ण होऊ द्या, हे बरोबर. पण मग पोरांना सलग सरकणारं चित्रही करून पाहू द्या. एक-दोन पोरं अशी निघतील ज्यांना हे का जमत नाही याचाच ध्यास लागेल. त्यांना तिथे थांबवू नका.

पऱ्हाटी (कारंजा लाड)

ताई, थांबवा असं नाही म्हणत. पण गावाकडच्या शाळेत वर्ष जून ते एप्रिल, त्यात सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचायला अर्धा वर्ग घरी. एक गोष्ट पुरी झालेली पोरांनी पाहिली पाहिजे. दहा चौकटी उंच आणि शंभर लांब, एवढं पुरं होतं. ज्याला ध्यास लागेल तो पुढच्या वर्षी आठवीत करेलच. त्याला कारमॅकची गोष्ट मात्र याच वर्षी सांगा, इथे आपण एकमताचे आहोत.

संत्राबाग (वरूड)

ताई, झपाटलेल्या वाड्यातला डेव्ह म्या खेयलो, पन तो वेगळा कायले वाटे ते आज समजलं. माह्या पोराले दाखवतो.

कोरडवाहू (दिग्रस तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाळेत तुमचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. ताईंची एका रात्रीची गोष्ट पोरांनी पुन्हा सांगायला लावली. निन्टेन्डो नाही म्हणाली तरी ते थांबले नाहीत, हे त्यांना फार लागलं.

फरशीवर खडूने वीस चौकटी आखल्या. एक जण जागल्या, चार जण मिळून खिडकीची चौकट, हातात दोरी धरून. जागल्या अठराव्या चौकटीत गेला की बाकीचे ओरडायचे आणि दोरी पंधरा चौकटी पुढे. ज्या मुलीने पहिल्यांदा गेम बनवू म्हटलं होतं, तिनेच विचारलं की परत येताना त्याच जागी खिडकी का हलत नाही, आणि स्वतःच उत्तर दिलं. मला सांगावं लागलं नाही.

मग आलेख वहीची पानं एकाला एक चिकटवली. शून्य हवा, एक माती, दोन धुरा, तीन पाणी, चार पऱ्हाटी, पाच बाभूळ, सहा शिदोरी, सात कवाड. पहिल्या दोन खिडक्यांत जनावर ठेवलेलं नाही, संत्राबाग भाऊंचं ऐकलं. नाल्यावर उडी किती रुंद असावी यावर मोठा वाद झाला. शेवटी खऱ्या नाल्यावर जाऊन पाहायचं ठरलं. तिथे सध्या पाणी नाही, म्हणून जाऊ देतो आहे.

डुकराच्या रस्त्याचं काम एका मुलाने मागून घेतलं. तो वर्गात फारसा बोलत नाही. वडिलांबरोबर जागलीला जातो. त्याने जोड्या लिहून आणल्या, त्यात दोन ठिकाणी शून्य-शून्य अशी जोडी ओळीने बऱ्याचदा लिहिली होती. विचारलं तर म्हणाला, "तिथं ते उभं रायते, वास घेते." डेव्हमधल्या जनावरांपेक्षा आमचं डुक्कर खरं निघणार आहे.

उद्या लाइन राहिली तर शिक्क्यांचा ब्लॉक बांधायला घेतो. पऱ्हाटी भाऊ, उडीचं गणित अजून बाकी आहे, वर किती वेळ जायचं आणि खाली किती वेगाने यायचं. पोट्ट्यांनी नाला मोजून आणला की ते आकडे इथेच टाकतो, तेव्हा सांगा.